नदी आणि नाका यांच्या दरम्यान

रिओ ग्रांदे नदी मेक्सिकोच्या आखाताला मिळण्यापूर्वी टेक्सासच्या दक्षिण टोकावरील ज्या सपाट, उष्ण आणि दमट मुलखातून वळणे घेत जाते, त्याला तेथील रहिवासी नुसते ‘व्हॅली’ म्हणून ओळखतात. हिदाल्गो, कॅमेरॉन, स्टार आणि विलसी असे चार परगणे त्यात मोडतात. कांद्याची आणि लिंबूवर्गीय फळांची शेती, गावांच्या हद्दीबाहेर नळाशिवाय व गटाराशिवाय उभ्या राहिलेल्या ‘कोलोनिया’ नावाच्या वस्त्या, आणि तेरा लाखांवर लोकसंख्या, जिच्यातील दहांपैकी नऊ माणसे मेक्सिकन अथवा अन्य लॅटिन वंशाची, असे या मुलखाचे स्थूल वर्णन करता येईल. दक्षिणेला नदी, १८४८ सालच्या ग्वादालूपे हिदाल्गोच्या तहनाम्याने ती दोन राष्ट्रांची सरहद्द ठरली. उत्तरेला, नदीपासून शंभरेक किलोमीटरांवर, फॅल्फ्युरिअस आणि सरीटा या गावांजवळ हमरस्त्यांवर सरहद्द-पहाऱ्याचे कायमचे नाके. उत्तरेकडे निघालेल्या प्रत्येक वाहनाला तेथे थांबावे लागते, आणि आतल्या माणसांना त्यांचे नागरिकत्व विचारले जाते. देशाच्या हद्दीत इतक्या आत, कोणाविषयी विशेष संशय नसताही, अशी विचारणा करण्याची मुभा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली दिली. आणि त्यामुळे नदी व नाका यांच्या दरम्यानचा हा पट्टा, ज्यांच्याजवळ वास्तव्याचा परवाना नाही अशा माणसांच्या दृष्टीने, एक निराळाच प्रांत होऊन बसला आहे. दक्षिणेला पाऊल टाकले तर परतण्याची शाश्वती नाही, उत्तरेला टाकले तर अटक बहुधा चुकत नाही.

या पट्ट्यात घरे झाडून, फळे खुडून, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करून पोट भरणाऱ्या आणि तेथेच मुलांना जन्म देणाऱ्या परवानाहीन स्त्रीला गर्भारपणात कोण तपासते, तिची प्रसूती कोण करते, नको असलेला गर्भ ती कसा टाळते, गर्भाशयमुखाला जडलेला रोग तिला केव्हा कळतो, आणि या प्रत्येक पायरीवर तिला कोणता कागद मागितला जातो, हा या पुस्तकाचा विषय आहे. विषय परक्या मुलखातला असला, तरी तो मराठीत आणण्याला एक जुना आधार आहे, आणि त्याचा निर्देश पुढे योग्य ठिकाणी येईलच.

या कहाणीला कायद्याच्या क्रौर्याची सरळसोट कहाणी समजण्याचा मोह सहृदय वाचकाला होणे स्वाभाविक आहे. परंतु कायदे प्रत्यक्ष वाचू लागले म्हणजे चित्र अधिक गुंतागुंतीचे आणि, माझ्या मते, अधिक अस्वस्थ करणारे दिसू लागते. या स्त्रीला प्रसूतीच्या वेळी दाराबाहेर ठेवावे असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. किंबहुना त्या एका घटकेला सर्व दारे उघडतात. ती बंद असतात त्या घटकेच्या आधी आणि नंतर. राज्ययंत्रणेला तिच्या उदरातील गर्भ दिसतो, तिच्या कुशीतून बाहेर आलेला भावी नागरिक दिसतो. ती स्वतः जेव्हा दिसते तेव्हा बहुधा पोलिसांच्या दप्तरात दिसते. पुढील सर्व लेखांना बांधणारे सूत्र जर काही असेल, तर ते एवढेच आहे.

परदेशी स्त्रीचे शरीर हा अमेरिकेच्या प्रवेशविषयक कायद्यांचा अगदी पहिल्यापासूनचा चिंतेचा विषय आहे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्या देशाच्या मध्यवर्ती सरकारने परकीयांच्या आगमनावर निर्बंध घालणारा जो पहिला महत्त्वाचा कायदा केला, तो १८७५ सालचा पेज कायदा. आणि त्याचा मुख्य रोख पूर्वेकडून, विशेषतः चीनमधून, येणाऱ्या स्त्रियांवर होता. अनीतीच्या व्यवसायासाठी आणलेल्या स्त्रियांना मज्जाव करणे हा त्याचा उक्त हेतू होता. पण अंमल असा झाला की हाँगकाँगच्या बंदरावर प्रत्येक चिनी स्त्रीला आपले चारित्र्य सिद्ध करावे लागले, आणि विवाहित स्त्रियाही मागे राहिल्या. पुढे १८८२ च्या ऑगस्टात आणखी एक कायदा झाला. जो मनुष्य सार्वजनिक खजिन्यावर भार होईल त्याला उतरू देऊ नये, असे कलम त्यात घातले गेले. हे कलम आजतागायत जिवंत आहे, आणि या पुस्तकात ते पुन्हा पुन्हा भेटेल.

त्या कायद्याला वर्षही झाले नव्हते, तेव्हा १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांत गेले होते. स्त्रीला स्त्री-वैद्य हवा, ही त्यांची धारणा त्या दुःखातून पक्की झाली. आणि फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून १८८६ साली पदवी घेताना त्यांनी प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. मराठी मनाचा अमेरिकेशी जो पहिला विद्याविषयक संबंध जडला तो असा सूतिकागृहाच्या वाटेने जडला. त्यांना उतरताना कोणी व्हिसा विचारला नाही, कारण तो विचारण्याची रीतच तेव्हा नव्हती. आज न्यू जर्सीत किंवा डॅलसला मुलीच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्या आपल्याकडच्या आयांना विमा, डॉक्टर आणि इस्पितळ यांचा जो अनुभव येतो तो प्रशस्तच असतो. पण २०२५ च्या फेब्रुवारीत लष्करी विमानाने अमृतसरला परत धाडलेल्या शंभरावर भारतीयांत महाराष्ट्राचेही लोक होते, याची आठवण ठेवलेली बरी. परवाना असलेला आणि नसलेला असे दोन प्रवासी आता आपल्यातूनही निघतात.

व्हॅलीतील स्त्रीकडे परवाना का नाही, याचे उत्तर तिच्या बेदरकारपणात शोधणाऱ्यांनी थोडा इतिहास पाहावा. १९४२ पासून १९६४ पर्यंत अमेरिकेने ‘ब्रासेरो’ योजनेखाली मेक्सिकन पुरुषांना शेतमजुरीसाठी रीतसर करार करून आणले. असे पंचेचाळीस लाखांवर करार झाले. योजना बंद झाली, शेते बंद झाली नाहीत. १९६५ च्या कायद्याने, ज्याची कीर्ती उदार म्हणून आहे, अमेरिका खंडांतील देशांतून येणाऱ्यांवर प्रथमच संख्येची मर्यादा घातली, आणि कालपर्यंत कायदेशीर असलेली वहिवाट आज बेकायदा ठरली. तरीही कित्येक वर्षे पुरुष येत, हंगाम करीत आणि घरी परतत. मग १९९३ पासून एल पासो, सॅन दिएगो आणि १९९७ साली खुद्द ब्राउन्सव्हिल येथे सरहद्दीवर पहारे आणि कुंपणे वाढली. येणे थांबले नाही. परतणे थांबले, कारण एकदा जीव धोक्यात घालून ओलांडलेली नदी पुन्हा ओलांडण्याची कोणाची तयारी नसते. जो मजूर वर्षातून एकदा बायकोकडे जात असे त्याने बायकोलाच बोलावून घेतले. व्हॅलीतील सूतिकागृहांत परवानाहीन माता दिसू लागल्या त्या, बऱ्याच अंशी, त्यांना रोखण्यासाठी उभारलेल्या कुंपणाच्या परिणामी. शासनाच्या उपायाने आजार वाढवावा, याचे इतके ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

आता वैद्यकीय मदतीच्या कायद्यांकडे वळू, आणि येथे वाचकाने थोडा धीर धरावा अशी विनंती आहे, कारण सारा प्रश्न या तपशिलांतच दडलेला आहे. गरिबांच्या औषधोपचारासाठी मेडिकेड ही योजना १९६५ साली सुरू झाली. १९८६ साली दोन तरतुदी झाल्या. एकीने असे ठरवले की आकस्मिक-चिकित्सा विभाग चालवणाऱ्या आणि सरकारी पैसा घेणाऱ्या इस्पितळाने दाराशी आलेल्या कोणाही माणसाची, मग त्याच्याजवळ पैसा वा कागद असो वा नसो, तपासणी करावी आणि त्याला स्थिर करावे. कळा सुरू झालेल्या स्त्रीला परत पाठवू नये. दुसरीने असे ठरवले की अन्यथा अपात्र असलेल्या परकीयाच्या केवळ आकस्मिक उपचाराचा खर्च मेडिकेडने उचलावा, आणि प्रसूती ही आकस्मिक समजावी. नऊ महिने आधी सूचना देऊन येणाऱ्या घटनेला आकस्मिक ठरवण्यात जो विनोद आहे तो कायदा करणाऱ्यांच्या लक्षात आला असेल काय, हे सांगणे कठीण आहे. १९९६ च्या ऑगस्टात क्लिंटन यांनी सही केलेल्या कल्याण-सुधारणा कायद्याने उरलेली दारे लावली: परवानाहीनांना मध्यवर्ती सरकारच्या बहुतेक साऱ्या मदतीतून बेदखल केले, आणि परवाना मिळालेल्यांनाही बहुधा पाच वर्षे थांबायला लावले. आकस्मिक उपचार तेवढा अपवाद म्हणून राहिला. २०१० च्या आरोग्यविमा कायद्याने तर या लोकांना स्वतःच्या पैशाने सरकारी बाजारपेठेतून विमा विकत घेण्याचीही मनाई केली.

मग २००२ साली एक चमत्कारिक वाट निघाली. मुलांच्या आरोग्यविम्याची जी योजना होती, तिच्या नियमांत ‘मूल’ या संज्ञेत गर्भधारणेपासूनचा काळ धरावा, असा बदल बुश सरकारने केला. गर्भ हाच विमाधारक; त्याला नागरिकत्वाचा प्रश्न विचारण्याचे कारण नाही; आणि त्याच्यापर्यंत औषध पोहोचवायचे तर ते ज्या देहातून पोहोचवावे लागते त्या देहाची तपासणी ओघानेच आली. गर्भाला व्यक्ती म्हणून मान्यता मिळवून देण्याची ही चोरवाट आहे, अशी स्त्रियांच्या संघटनांची टीका होती, आणि ती निराधार नव्हती. पण हातात आलेली मदत कोण नाकारील? आजवर वीसहून अधिक राज्यांनी ही तरतूद स्वीकारली आहे, आणि टेक्सासने, जे राज्य परवानाहीनांविषयी दयाळू म्हणून ओळखले जात नाही, ती २००७ पासून ‘चिप पेरिनेटल’ या नावाने चालवली आहे.

या योजनेचा जाबता मुद्दाम वाचण्यासारखा आहे. गर्भारपणातील तपासण्या आणि औषधे तिच्यात मिळतात. प्रसूतीचा खर्च तिच्यातून अथवा आकस्मिक मेडिकेडमधून भागतो. प्रसूतीनंतर मातेला डॉक्टरकडे दोन खेपा मिळतात. आईचा हात मोडला तर योजनेचा त्याच्याशी संबंध नाही, कारण हात विमाधारकाचा नाही. कळा सुरू झाल्या आणि थांबल्या, म्हणजे त्यांची परिणती जन्मात झाली नाही, तर इस्पितळाचा तो खर्च योजनेत बसत नाही. मूल जन्मले की घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीने, जी १८६८ साली गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांसाठी झाली, ते नागरिक होते आणि त्याला वर्षभराचे मेडिकेड आपोआप मिळते. आईच्या दोन खेपा संपल्या की तिचे नाव वगळले जाते. २०२३ साली टेक्सासच्या विधिमंडळाने बाळंतिणींना प्रसूतीनंतर पूर्ण वर्षभर मेडिकेड देण्याचे ठरवले, कारण मातांचे कितीतरी मृत्यू प्रसूतीनंतरच्या महिन्यांत होतात हे त्याच्या स्वतःच्या समित्या वारंवार सांगत होत्या. ही वाढ ‘चिप पेरिनेटल’च्या मातांना मिळाली नाही. गर्भारपणात दिसलेल्या मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न ती स्त्री आणि एखादे धर्मादाय केंद्र यांनी मिळून सोडवायचा.

एवढे होऊनही मेक्सिकोत जन्मलेल्या या मातांची मुले, वैद्यकीय दृष्ट्या पाहता, आश्चर्य वाटावे इतकी निरोगी जन्मतात. कमी वजनाची मुले त्यांच्यात अल्प असतात, आणि गरिबीचा व उपचाराच्या अभावाचा जो परिणाम अन्यत्र दिसतो तो येथे तितका दिसत नाही. आहार, तंबाखू-मद्यापासूनचे अंतर, नात्यागोत्यातील बायकांची सोबत, अशी कारणे संशोधक देतात. पुढच्या पिढीत, म्हणजे अमेरिकेतच वाढलेल्या मुलींत, हा लाभ ओसरतो. या गोष्टीचा उपयोग ‘मग त्यांना मदत हवी कशाला’ असे म्हणण्यासाठीही झालेला आहे, म्हणून तिचा येथे सावधपणे उल्लेख करतो.

योजनेतील मदत प्रत्यक्ष मिळण्यासाठी दवाखान्यापर्यंत जावे लागते, आणि येथे पुन्हा नाका आडवा येतो. टेक्सासमध्ये परवानाहीनाला मोटार चालवण्याचा परवाना मिळत नाही. कोलोनियांतून सार्वजनिक बस जवळपास नाही. रस्त्यावर पोलिसाने दिवा फुटल्याच्या कारणाने थांबवले तरी गोष्ट हद्दपारीपर्यंत जाऊ शकते. साऱ्या व्हॅलीत सरकारी इस्पितळ नाही. गुंतागुंतीची प्रकरणे सॅन अँटोनिओ, ह्यूस्टन, निदान कॉर्पस क्रिस्टी येथे धाडली जातात, आणि ही तिन्ही नाक्यापलीकडे आहेत. २०१७ च्या मे महिन्यात हार्लिंजेनच्या इस्पितळात एका दोन महिन्यांच्या बाळाला जठराची शस्त्रक्रिया तातडीने हवी होती, आणि ती कॉर्पस क्रिस्टीलाच होण्याजोगी होती. नाक्यावर काय होईल या विवंचनेत आईबाप बसले असता सरहद्द-पहाऱ्याचा अधिकारी इस्पितळातच हजर झाला. त्यांना नाक्यातून जाऊ दिले ते पहाऱ्यात, आणि बाळ शस्त्रक्रियेची वाट पाहत असता दोघांना पाळीपाळीने ठाण्यात नेऊन त्यांच्यावर हद्दपारीचे प्रकरण दाखल केले. बाळ अर्थातच अमेरिकन नागरिक होते. त्याच वर्षी लॅरेडोहून रुग्णवाहिकेतून निघालेल्या दहा वर्षांच्या एका अपंग मुलीला, तिच्यापाशी परवाना नव्हता म्हणून, शस्त्रक्रियेनंतर इस्पितळातूनच ताब्यात घेऊन मुलांच्या सरकारी निवाऱ्यात ठेवले गेले. अशा दोन घटना वर्तमानपत्रांत आल्या, आणि वस्त्यावस्त्यांतील शेकडो आयांनी दूरच्या डॉक्टरची चिठ्ठी घडी करून ठेवून दिली असल्यास नवल नाही.

गर्भनिरोध आणि कर्करोगाची चाचणी यांची वाट वेगळी होती, आणि काही काळ ती बरीच रुंद होती. निक्सन यांच्या कारकिर्दीत, १९७० साली, कुटुंबनियोजन केंद्रांना मध्यवर्ती साहाय्य देणारा जो कायदा झाला त्यात वास्तव्याचा दाखला मागण्याची अट नव्हती. २०११ साली टेक्सासच्या विधिमंडळाने गर्भपातविरोधाच्या आवेशात राज्याचा कुटुंबनियोजनाचा द्विवार्षिक खर्च सुमारे अकरा कोटी दहा लाख डॉलरांवरून तीन कोटी ऐंशी लाखांवर आणला. जी केंद्रे बंद पडली त्यांतील कित्येकांत गर्भपात कधीच होत नव्हता. तेथे गोळ्या मिळत, स्तनांची तपासणी होई, गर्भाशयमुखाची चाचणी होई. गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळीच दिसला तर बहुतेक टळतो, आणि टेक्सासच्या सरहद्दीवरील परगण्यांत त्याचे प्रमाण उर्वरित प्रदेशाहून अधिक आहे.

गर्भपाताचा इतिहास या मुलखात दुःखद आहे आणि तो मी थोडक्यात सांगतो. सरकारी पैशाने गर्भपात होऊ नये हा काँग्रेस-सदस्य हाइड यांचा निर्बंध १९७७ च्या ऑगस्टात अमलात आला. ऑक्टोबरात मॅकॅलन येथे रोझी हिमेनेझ ही सत्तावीस वर्षांची तरुणी स्वस्तातल्या, अनधिकृत हातांनी केलेल्या गर्भपातानंतर दगावली. ती त्या निर्बंधाचा पहिला ज्ञात बळी मानली जाते. ती नागरिक होती; नागरिक गरीब स्त्रीची जर ही अवस्था, तर परवानाहीन स्त्रीविषयी वेगळे सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने केंद्रांवर अशा अटी लादल्या की २०१४ च्या आरंभी व्हॅलीत एकही गर्भपात केंद्र उरले नाही. वाट राहिली ती सॅन अँटोनिओची, पावणेचारशे किलोमीटरांची, फॅल्फ्युरिअसच्या नाक्यातून जाणारी. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली त्या अटी रद्द केल्या, आणि त्याच न्यायालयाने २०२२ साली गर्भपाताचा घटनात्मक हक्कच काढून घेतल्यावर टेक्सासमध्ये तो जवळजवळ संपूर्णपणे बंद झाला. आता नागरिक स्त्री न्यू मेक्सिकोला जाते, किंवा पूल ओलांडून नुएवो प्रोग्रेसोच्या औषधी दुकानांतून मिसोप्रोस्टॉल आणते. परवानाहीन स्त्रीला पूलही बंद आणि उत्तरही बंद; तिच्या वाट्याला जुन्या बाजारातील, ज्याला तेथे ‘पुल्गा’ म्हणतात, सुट्या गोळ्या येतात, ज्यांबरोबर मात्रेचा कागद नसतो. ज्या मेक्सिकोतून ती आली, तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली गर्भपाताला फौजदारी गुन्हा ठरवणे घटनाबाह्य असल्याचा निर्वाळा दिला, हेही येथे नोंदवले पाहिजे.

पालकांशिवाय सरहद्द ओलांडणाऱ्या मुलांच्या ब्राउन्सव्हिल येथील निवाऱ्यात एकटी आलेली सतरा वर्षांची एक मुलगी २०१७ साली गरोदर असल्याचे आढळले. टेक्सासच्या न्यायाधीशाने तिला गर्भपाताचा निर्णय स्वतः घेण्याची परवानगी दिली होती, खर्च सरकारने करायचा नव्हता, नेण्याआणण्याची सोयही झाली होती. सरकारने फक्त तिला दाराबाहेर सोडायचे होते. तेवढ्यासाठी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयापर्यंत कज्जा लढवला गेला, आणि ती जिंकेपर्यंत कित्येक आठवडे गेले. प्रसूतीच्या घटकेला दार उघडणारे शासन हेच, आणि हे दार धरून बसणारेही तेच.

येथवरच्या विवेचनावरून असे वाटेल की प्रश्न उपचार न मिळण्याचा आहे. पण न मागितलेला उपचार हा या विषयाचा दुसरा, अधिक काळा भाग आहे. १९७० च्या आसपास लॉस एंजेलिसच्या परगणा-इस्पितळात मेक्सिकन वंशाच्या, बहुतांशी स्पॅनिशभाषक स्त्रियांच्या कळा सुरू असताना, शस्त्रक्रियेच्या मेजावर नेताना, इंग्रजीत छापलेल्या कागदांवर सह्या घेण्यात आल्या. आणि आपली नसबंदी झाली हे त्यांतील काहींना कित्येक महिन्यांनी, कोणाला त्याहूनही उशिरा, समजले. दहा स्त्रियांनी १९७५ साली दावा लावला. १९७८ साली न्यायाधीश जेसी कर्टिस यांनी निकाल डॉक्टरांच्या बाजूने दिला: जे झाले ते एकमेकांचे बोलणे न कळल्याने झाले, डॉक्टरांचा हेतू शुद्ध होता, आणि स्त्रियांच्या दुःखाची तीव्रता त्यांच्या सांस्कृतिक पार्श्वभूमीमुळे वाढलेली आहे. अपत्यांना मोल देणाऱ्या समाजातील स्त्रीला वांझपण अधिक झोंबते, म्हणून नुकसान कमी, असा हा तर्क! दावा हरला, पण त्या आंदोलनातून नियम आले: संमतिपत्र स्त्रीला समजेल अशा भाषेत असावे, सहीनंतर तीस दिवस थांबावे, कळा चालू असताना सही घेऊ नये. आज त्याच तीस दिवसांच्या नियमापायी, स्वेच्छेने नसबंदी मागणाऱ्या गरीब स्त्रीचा कागद प्रसूतीच्या वेळी हाताशी नसला म्हणून ती नाकारली जाते. संरक्षणासाठी बांधलेली भिंत आत अडकलेल्यालाही अडवते.

जॉर्जियातील आयर्विन परगण्याच्या, परकीयांना डांबून ठेवणाऱ्या कोठडीगृहाचे प्रकरण तर अलीकडचे, २०२० सालचे. तेथील एका परिचारिकेच्या तक्रारीनंतर सरसकट गर्भाशये काढल्याची वार्ता जगभर गेली. सेनेटच्या उपसमितीने २०२२ साली दिलेल्या अहवालात ती त्या स्वरूपात सिद्ध झाली नाही, परंतु कोठडीतील स्त्रियांवर अतिरेकी, शरीरात हात घालणाऱ्या आणि अनेकदा अनावश्यक अशा स्त्रीरोगविषयक प्रक्रिया झाल्या, हे मात्र समितीने स्पष्ट नमूद केले. मराठी वाचकाने हे वाचून परदेशीयांविषयी नाक मुरडण्याचे कारण नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयांचे काय होते, याची चौकशी करायला २०१९ साली आपल्या सरकारलाही समिती नेमावी लागली होती.

जन्मानंतर पुन्हा कागद येतो. टेक्सासने २०१३ च्या सुमारापासून मेक्सिकन वकिलातीचे ओळखपत्र नाकारायला सुरुवात केली, आणि परवानाहीन आयांना आपल्याच मुलांचे जन्मदाखले मिळेनासे झाले. मूल नागरिक, पण नागरिकत्वाचा पुरावा दप्तरात कुलूपबंद. दावा झाला आणि २०१६ साली तडजोडीने काही अन्य ओळखपत्रे ग्राह्य धरली गेली. याच्या उलट बाजूची गोष्टही व्हॅलीतच घडली. तेथे घरी प्रसूती करणाऱ्या सुइणींची मोठी परंपरा आहे, आणि त्यांतील काहींनी पूर्वी नदीपलीकडे जन्मलेल्या मुलांचे खोटे दाखले दिले होते. मग सुइणीच्या हातून खरोखरच व्हॅलीत जन्मलेल्या शेकडो माणसांचे पारपत्राचे अर्ज अडकले, आणि त्यांना २००८ साली न्यायालयात जावे लागले. इस्पितळ परवडले नाही म्हणून आईने सुईण बोलावली, तर चाळीस वर्षांनी मुलाचे नागरिकत्व संशयित ठरते.

करदात्यांच्या आक्षेपाला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याने प्रवेशाचा नियम मोडला त्याचा खर्च नियम पाळणाऱ्याने का करावा, हा प्रश्न कुत्सित नाही. टेक्सासमध्ये प्राप्तिकर नाही, विक्रीकर आहे, आणि तो परवानाहीन स्त्रीही दररोज भरते, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. गर्भारपणातील तपासणी नवजात-अतिदक्षता कक्षापेक्षा कितीतरी स्वस्त पडते, हे उत्तरही हिशेबी आहे. मला पटते ते असे की, जो समाज या स्त्रीचे श्रम पहाटेपासून घेतो, तिच्या हातून आपली मुले आणि म्हातारे सांभाळून घेतो, आणि तिच्या कुशीतून आपले नागरिक स्वीकारतो, त्याला तिच्या देहाच्या केवळ एका घटकेचा खर्च मान्य करून बाकीच्या वर्षांशी आपला संबंध नाही असे म्हणता येत नाही. यावर दुमत असणाऱ्यांनी पुढील लेख अवश्य वाचावेत. त्यांतील एकही लेख प्रचारकी नाही.

या साऱ्या व्यवस्थेत जे काही चालते ते ‘प्रोमोतोरा’ चालवतात. वस्तीतीलच, बहुधा स्वतः कधीकाळी परवाना नसलेल्या या बायका आपल्याकडच्या आशाताईंसारख्या दारोदार जातात: कोणत्या केंद्रात कागद मागत नाहीत, ‘चिप पेरिनेटल’चा अर्ज कसा भरायचा, गाडी कोणाची मिळेल, हे त्यांना ठाऊक असते. इस्पितळात जायला भिणाऱ्या स्त्रीला त्या गेली कित्येक वर्षे सांगत आल्या की, जा, तेथे तुला कोणी काही विचारणार नाही. २०१८ साली खजिन्यावरील भाराच्या त्या १८८२ च्या कलमाची व्याख्या रुंद करण्याचा प्रस्ताव आला, आणि २०१९ च्या अंतिम नियमातून गर्भार स्त्रियांचे मेडिकेड वगळलेले असूनही बायकांनी अर्ज मागे घेतले. २०२१ साली तो नियम गेला, भीती राहिली. २०२४ च्या नोव्हेंबरपासून टेक्सासच्या गव्हर्नरांच्या हुकमाने इस्पितळांनी प्रत्येक रुग्णाला नागरिकत्व विचारायचे ठरले. उत्तर न देण्याची मुभा आहे, आणि न दिल्याने उपचार थांबत नाही, असेही त्याच कागदावर असते. २०२५ च्या जानेवारीत इस्पितळे आणि शाळा यांना धरपकडीपासून मोकळे ठेवण्याचे केंद्राचे धोरण रद्द झाले, आणि जन्मसिद्ध नागरिकत्व काढून घेणारे जे फर्मान निघाले ते न्यायालयांनी अडवून धरले. त्याच वर्षी मेडिकेडच्या नोंदी, ज्यांत प्रसूतीसाठी आलेल्यांचे पत्ते असतात, हद्दपारीच्या खात्याला पुरवल्या जात असल्याचे उघड झाले. प्रोमोतोराचे ते जुने वाक्य आता तिला तसेच्या तसे उच्चारता येत नाही. ती त्याऐवजी काय सांगते, हे पहिल्या लेखात तिच्याच शब्दांत आले आहे, आणि वाचकाने तेथूनच आरंभ करावा.